सूर्याआधीचा उजेड

२० जुलै १९२५ रोजी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, डेटन नावाच्या लहानशा गावात, एका खटल्याचं कामकाज कोर्टाबाहेरच्या हिरवळीवर चाललं होतं. उकाडा असह्य होता आणि गर्दी दालनात मावत नव्हती. जॉन स्कोप्स या शिक्षकावर शाळेत उत्क्रांती शिकवल्याचा आरोप होता. पण त्या दुपारी साक्षीदाराच्या खुर्चीत बसले होते ते सरकार पक्षाचेच विल्यम जेनिंग्ज ब्रायन. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक तीन वेळा लढवलेले, नावाजलेले वक्ते आणि बायबलचे निष्ठावान वाचक. बचाव पक्षाचे वकील क्लॅरेन्स डॅरो त्यांना बायबलबद्दल एकामागून एक प्रश्न विचारत होते. त्यातला एक साधा होता : सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला असं तुम्ही मानता, मग आधीच्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ सूर्याविना कशी झाली?

ब्रायन यांनी उत्तर दिलं की ते दिवस चोवीस तासांचे असलेच पाहिजेत असं नाही, ते कालखंड असू शकतील आणि निर्मिती कोट्यवधी वर्षंही चालली असेल. त्यांच्याच बाजूचे अनेक लोक हे ऐकून अस्वस्थ झाले. पाच-सहा दिवसांत, २६ जुलैला, ब्रायन डेटनमध्येच वारले. त्या दुपारचा प्रश्न मात्र राहिला, आणि तो आजही शाळकरी मुलं विचारतात.

प्रश्न ज्यातून निघतो तो मजकूर फार मोठा नाही. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात निर्मितीचे सहा दिवस आहेत. सुरुवातीला अंधार आणि अथांग पाणी. पहिल्या दिवशी देवाच्या शब्दाने प्रकाश होतो, तो अंधारापासून वेगळा केला जातो आणि दिवस-रात्र अशी नावं पडतात. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी आणि खालचं पाणी यांच्यामध्ये अंतराळ उभं राहतं. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन वर येते आणि तिच्यावर गवत, धान्य, फळझाडं उगवतात. सूर्य, चंद्र आणि तारे येतात ते चौथ्या दिवशी. म्हणजे उजेड आधी, झाडं नंतर आणि सूर्य त्याहीनंतर.

डॅरो यांच्या प्रश्नाला तेव्हाच साडेसतराशे वर्षं होऊन गेली होती. दुसऱ्या शतकात सेल्सस या ग्रीक तत्त्वज्ञाने ख्रिस्ती धर्मावर टीकाग्रंथ लिहिला, त्यात हाच आक्षेप होता : सूर्य नसताना दिवस मोजले कसे? त्याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला. तो आपल्याला माहीत आहे तो ऑरिजेन या ख्रिस्ती पंडिताने तिसऱ्या शतकात त्याचं खंडन करताना दिलेल्या उताऱ्यांमुळे. गंमत अशी की ऑरिजेनलाही तीन सूर्यहीन दिवस अक्षरशः घेणं मान्य नव्हतं. कुठलाही विचारी माणूस हे शब्दशः घेणार नाही, यात दडलेला अर्थ शोधायला हवा, असं त्याने आपल्या दुसऱ्या एका ग्रंथात स्वच्छ लिहून ठेवलं आहे. धर्मग्रंथाचा अक्षरार्थ सोडणं ही विज्ञानाच्या दबावाखाली आलेली आधुनिक पळवाट आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी ऑरिजेनचा काळ ध्यानात घ्यावा. गॅलिलिओच्या आधी जवळजवळ चौदाशे वर्षं!

चौथ्या शतकात कॅपाडोशियातल्या सीझरिया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या कायसेरीत, बेसिल या बिशपांनी या सहा दिवसांवर प्रवचनं दिली. ऐकायला रोजच्या मजुरीवर जगणारे कारागीर येत. बेसिल यांनी त्यांना सांगितलं की प्रकाश हे तत्त्व आधी निर्माण झालं आणि सूर्य हे त्या प्रकाशाचं वाहन नंतर तयार झालं. ज्योत वेगळी आणि दिवा वेगळा, तसं. झाडं सूर्याच्या आधी का, याचंही त्यांच्याकडे उत्तर होतं : सूर्यच जीवनाचा जनक आहे असं मानून त्याची पूजा करणाऱ्यांना कळावं, की हिरवळ त्याच्याही आधीची आहे. पुढे आपल्याला याच उत्तराकडे परत यायचं आहे.

ऑगस्टीन मात्र इतक्यावर समाधानी नव्हते. आज अल्जीरियात असलेल्या हिप्पो या बंदराच्या गावी बसून, इसवी सन ४०१ पासून सुमारे पंधरा वर्षं, ते उत्पत्तीच्या अक्षरार्थावर एक ग्रंथ लिहीत होते. त्यांनी एक अडचण काढली ती आजच्या भूगोलाच्या तासालाही शोभेल. आपल्याकडे रात्र असते तेव्हा सूर्य दुसरीकडे कुठेतरी प्रकाशतच असतो. मग संपूर्ण पृथ्वीची एकच संध्याकाळ आणि एकच सकाळ कशी होईल? पर्याय तपासत तपासत ते अशा मतावर आले की निर्मिती एका क्षणात झाली, आणि हे सहा दिवस काळाचे नसून समजुतीच्या क्रमाचे आहेत. याच ग्रंथात त्यांनी आपल्या धर्मबांधवांना बजावलं आहे की आकाश, ग्रह, ग्रहणं यांबद्दल इतर धर्माच्या लोकांनाही अनुभवाने आणि हिशोबाने पक्कं ज्ञान असतं. त्यांच्यासमोर धर्मग्रंथाचा हवाला देऊन चुकीचं बोलाल, तर हसू तुमचं होईलच, पण ग्रंथाची विश्वासार्हताही जाईल. मला ही सूचना सोळाशे वर्षांनंतरही ताजी वाटते.

पुढच्या शतकांमधले प्रयत्न भराभर सांगता येतील. सूर्यप्रकाशाला लोलकातून पाठवून त्याचे रंग वेगळे करणाऱ्या न्यूटननेही १६८१ मध्ये थॉमस बर्नेट यांना लिहिलेल्या पत्रात सुचवलं, की पृथ्वीचं फिरणं नंतर सुरू झालं असेल तर पहिले दिवस हवे तितके लांब धरता येतील. एकोणिसाव्या शतकात भूविज्ञानाने पृथ्वीचं वय फार मोठं असल्याचं दाखवलं, तेव्हा स्कॉटलंडच्या थॉमस चाल्मर्स यांनी पहिल्या दोन वचनांच्या मध्ये अमर्याद काळ लपला आहे असं मांडलं, तर ह्यू मिलर यांनी एकेक दिवस म्हणजे एकेक युग असं. ब्रायन यांनी डेटनमध्ये दिलेलं उत्तर या दुसऱ्या परंपरेतलं होतं. या सगळ्या प्रयत्नांमध्ये एक गोष्ट गृहीत होती, ती म्हणजे सूर्य काय आहे हे आपल्याला माहीत आहे. ते कोणालाच माहीत नव्हतं.

ज्या वर्षी ब्रायन साक्ष देत होते, त्याच १९२५ साली हार्वर्डच्या वेधशाळेत पंचवीस वर्षांच्या सिसिलिया पेन यांनी आपला प्रबंध पूर्ण केला. सूर्याच्या प्रकाशाचा वर्णपट नीट पाहिला तर त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. कोणतं मूलद्रव्य कोणत्या रेषा उमटवतं हे प्रयोगशाळेत तोपर्यंत कळलेलं होतं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात, ज्याची सावली आपल्या विजयदुर्गावरूनही गेली, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमध्ये एक अनोळखी पिवळी रेषा दिसली आणि तिच्यावरून हेलियम हे मूलद्रव्य पृथ्वीवर सापडण्याआधी सूर्यावर सापडलं. तरीही सूर्य पृथ्वीसारख्याच पदार्थांचा, भरपूर लोखंड असलेला, अशीच समजूत होती. पेन यांनी रेषांची तीव्रता आणि तापमान यांचं गणित मांडून दाखवलं की सूर्य मुख्यतः हायड्रोजनचा आहे, आणि त्यानंतर हेलियमचा. त्या काळातले मोठे खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना हे अशक्य वाटलं. त्यांच्या सल्ल्याने पेन यांना आपल्याच प्रबंधात लिहावं लागलं की हे निष्कर्ष बहुधा खरे नसावेत. चार वर्षांनी रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच उत्तरावर पोचले.

हायड्रोजन कळला आणि सूर्याचं कोडं सुटायला लागलं. सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे. तिथे हायड्रोजनचे अणुगर्भ, म्हणजे प्रोटॉन, एकमेकांवर आदळतात. दोघांचाही विद्युतभार धन असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात, आणि जुळण्याची शक्यता इतकी कमी असते की एखाद्या प्रोटॉनला सरासरी अब्जावधी वर्षं वाट पाहावी लागते. पण प्रोटॉनच इतके अगणित आहेत की दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो. त्यातलं सुमारे ४० लाख टन वस्तुमान नाहीसं होऊन ऊर्जा बनतं. हा वेग मंद आहे म्हणूनच सूर्य अब्जावधी वर्षं टिकला आणि आपल्याला इथे घडायला वेळ मिळाला. हान्स बेथे यांनी १९३९ मध्ये या अभिक्रियांचं गणित पूर्ण केलं.

ही ऊर्जा लगेच बाहेर येत नाही. गाभ्यातला प्रकाश कणाकणावर आपटत, दिशा बदलत, शोषला जात आणि पुन्हा बाहेर पडत भटकतो. पृष्ठभागापर्यंत यायला त्याला हजारो वर्षं, काही हिशोबांनुसार लाखाहून अधिक वर्षं लागतात. एकदा पृष्ठभाग सुटला की पंधरा कोटी किलोमीटरचं अंतर तो आठ मिनिटं वीस सेकंदांत कापतो. सूर्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशापैकी पृथ्वीच्या वाट्याला येतो सव्वादोनशे कोटीतला साधारण एक भाग. वारा, पाऊस, भाताचं शेत, फळबाग आणि शेवटी आपलं जेवण, हे सगळं तेवढ्यावर चालतं.

आता डॅरो यांचा प्रश्न पुन्हा विचारू. सूर्याविना प्रकाश असू शकतो का?

असू शकतो, आणि होता. १९६४-६५ मध्ये न्यू जर्सीतल्या होमडेल इथे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन या दोघांना आपल्या अँटेनात एक मंद खरखर ऐकू येत होती. अँटेना कोणत्याही दिशेला वळवला तरी ती जात नव्हती. ते विश्वातलं सर्वांत जुनं किरणोत्सर्जन निघालं. आज जे चित्र सर्वमान्य आहे त्यानुसार सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि तप्त होतं. प्रकाश होता, पण सुट्या इलेक्ट्रॉनांवर सतत आदळत असल्याने त्याला सरळ जाता येत नव्हतं. विश्व प्रसरण पावत गेलं, थंड होत गेलं, आणि सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी तापमान तीन हजार अंशांपर्यंत उतरल्यावर इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बांधले गेले. प्रकाश मोकळा झाला. तेव्हा तारा एकही नव्हता. पहिले तारे पेटायला आणखी दहा-वीस कोटी वर्षं लागली, आणि आपला सूर्य तर फार अलीकडचा, सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वीचा. तो आदिम प्रकाश प्रसरणामुळे ताणला जाऊन आता सूक्ष्मलहरींच्या रूपात उरला आहे, त्याचं तापमान उणे २७० अंश सेल्सिअस. तरीही तो नगण्य नाही. अवकाशाच्या प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये त्याचे सुमारे चारशे कण आहेत. आजही विश्वातले बहुसंख्य प्रकाशकण कुठल्याच ताऱ्यातून आलेले नाहीत.

हे वाचून एखाद्या श्रद्धावान वाचकाचं मन भरून आलं तर मी ते समजू शकतो. आधी प्रकाश, नंतर सूर्य! सेल्ससने ज्या ओळीची थट्टा केली तीच खरी निघाली, असं म्हणण्याचा मोह होणारच. हा मोह ज्याला फार आधी झाला आणि ज्याने तो सर्वांत विचारपूर्वक सोडला, तो माणूस या विश्वचित्राचा जनकच होता.

जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे. जन्म १८९४ चा, शार्लरवा या कोळशाच्या खाणींच्या गावचा. पहिल्या महायुद्धात ते सैनिक म्हणून लढले, आणि आघाडीवरही त्यांच्याजवळ भौतिकशास्त्राची पुस्तकं आणि बायबल असे. युद्ध संपल्यावर गणितात डॉक्टरेट मिळवून ते धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत दाखल झाले. तिथे १९२१ मध्ये त्यांनी देवाच्या पहिल्या तीन वचनांविषयी एक टिपण लिहिलं. त्यातला युक्तिवाद असा : कुठल्याही तापमानाला असलेली कुठलीही वस्तू किरणं सोडतच असते. म्हणजे संपूर्ण अंधार याचा भौतिक अर्थ काहीच नसणं. तेव्हा प्रकाश निर्माण करणं म्हणजे अस्तित्वच निर्माण करणं, आणि सूर्याच्या आधी प्रकाश येणं हे भौतिकशास्त्राला धरूनच आहे. सत्तावीस वर्षांच्या तरुणाचं हे लेखन हुशार आहे आणि मनापासूनचं आहे.

१९२३ मध्ये ते धर्मगुरू झाले. मग केंब्रिजला आर्थर एडिंग्टन यांच्याकडे आणि पुढे अमेरिकेत शिकले. १९२७ मध्ये, खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांच्या याच विषयावरच्या प्रसिद्ध शोधनिबंधाच्या दोन वर्षं आधी, त्यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांमधून आणि दीर्घिकांच्या वेगांवरून विश्व प्रसरण पावत असल्याचं मांडलं. मे १९३१ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचं पाचशेपेक्षाही कमी शब्दांचं एक टिपण आलं. सगळं विश्व एका आदिम कणातून सुरू झालं असावं ही कल्पना त्यात पहिल्यांदा आली. त्या टिपणाचा टंकलिखित मसुदा जपून ठेवलेला आहे. त्यात शेवटी एक परिच्छेद आहे. त्याचा आशय असा की देव मुळातच गुप्त आहे असं मानणाऱ्याला, निर्मितीवर भौतिकशास्त्राने असा पडदा धरलेला पाहून आनंद होईल. लमेत्र यांनी छापायला पाठवण्याआधी तो परिच्छेद काट मारून काढून टाकला.

दहा वर्षांत हा माणूस कुठून कुठे आला हे त्या एका काटेत दिसतं. त्यांची श्रद्धा कमी झाली नव्हती. ते शेवटपर्यंत धर्मगुरू राहिले, आणि पुढे पोपच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्षही झाले. पण समीकरणाने देवाची साक्ष द्यावी किंवा बायबलने समीकरणाची, ही अपेक्षा त्यांनी सोडली. १९३३ मध्ये अमेरिकेत एका मुलाखतीत त्यांनी स्पष्ट सांगितलं की बायबल हे विज्ञानाचं पाठ्यपुस्तक नाही, आणि सत्याकडे जाणाऱ्या दोन वाटांवरून आपण चालत आलो आहोत.

याची परीक्षा १९५१ मध्ये झाली. २२ नोव्हेंबरला पोप बारावे पायस यांनी विज्ञान अकादमीसमोर भाषण केलं. आधुनिक विज्ञान मागे जात जात त्या पहिल्या ‘प्रकाश होवो’च्या क्षणाचं साक्षीदार झालं आहे, असा त्यांचा सूर होता. जगभर बातम्या झाल्या. खूश व्हायला हवं होतं ते लमेत्र यांनी, पण तेच अस्वस्थ झाले. त्यांचा सिद्धांत तेव्हा वादात होता. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि त्यांचे सहकारी स्थिर स्थितीचं, आदि-अंत नसलेलं विश्व मांडत होते आणि निर्णायक पुरावा कोणाकडेच नव्हता. उद्या आदिम कण चुकीचा ठरला तर देवही चुकीचा ठरणार का? लमेत्र यांनी रोममध्ये व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक डॅनियल ओकॉनेल यांच्याकडे आपलं म्हणणं पोचवलं. सप्टेंबर १९५२ मध्ये पोप जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसमोर पुन्हा बोलले, तेव्हा ते विधान त्यांच्या भाषणात नव्हतं.

मराठी वाचकाला इथे जयंत नारळीकरांची आठवण होईल. हॉइल यांचे विद्यार्थी आणि सहकारी म्हणून त्यांनी महास्फोटाच्या, म्हणजे लमेत्र यांच्या आदिम कणातून पुढे आलेल्या, कल्पनेला आयुष्यभर गणिती पर्याय शोधले, १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह नवं प्रारूपही मांडलं. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ते पटलं नाही. पण समजा, कोणी आपला विश्वास महास्फोटाला बांधून ठेवला असता, तर नारळीकरांच्या पुण्यातून निघालेला प्रत्येक शोधनिबंध त्याच्या धर्मावरचा हल्ला ठरला असता! श्रद्धेला इतकं दुबळं कोणी का करावं?

शिवाय हे जुळणं पहिल्या ओळीपुरतंच आहे. पुढे ते मोडतं, आणि ते लपवणं अप्रामाणिक आहे. प्रकाशाच्या आधी अथांग पाणी होतं असं उत्पत्ती सांगते. पाण्यातला हायड्रोजन विश्वाच्या आरंभीचा असला तरी ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात तयार होतो. तारे नव्हते तेव्हा पाणी असणंच शक्य नव्हतं. पृथ्वी सूर्याच्या आधीची नाही, ज्या वायूच्या आणि धुळीच्या ढगातून सूर्य घडला त्याच्याच उरलेल्या भागातून ती घडली. फळझाडं तर फारच उशिराची. जमिनीवर वनस्पती आल्या सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी, फुलणारी-फळणारी झाडं त्याहून कितीतरी नंतर, आणि समुद्रातले मासे, जे उत्पत्तीत पाचव्या दिवशी येतात, ते या फळझाडांच्या पुष्कळ आधीचे. आजही काही लेखक म्हणतात की सूर्य आधीपासून होता, दाट ढगांमुळे दिसत नव्हता आणि चौथ्या दिवशी आकाश निवळलं. सुरुवातीचं वातावरण धूसर असणं शक्य आहे. पण मजकूर ‘दिसले’ म्हणत नाही, देवाने ते केले आणि अंतराळात ठेवले असं म्हणतो. विज्ञानाशी जुळावं म्हणून ग्रंथाचेच शब्द वाकवायचे, यात ग्रंथाचा मान कुठे राहिला?

ही खोड एकाच धर्माची नाही. चौदाव्या शतकात विजयनगरच्या सायणाचार्यांनी ऋग्वेदातल्या एका सूर्यऋचेवर भाष्य करताना सूर्य अर्ध्या निमिषात २,२०२ योजनं जातो असं परंपरेतलं वचन दिलं आहे. त्यावरून वेदांना प्रकाशाचा वेग माहीत होता, हा दावा आपल्याकडे वरचेवर फिरतो. योजन किती मैलांचं आणि निमिष सेकंदाचा कितवा भाग, याची वेगवेगळी मापं ग्रंथांमध्ये आहेत. त्यातली सोयीची निवडली की उत्तर बरोबर येतं. उत्तर आधी माहीत असेल तर निवड सोपी होते, इतकाच त्याचा अर्थ. सायणाचार्यांचं अफाट काम या हिशोबावाचूनही मोठंच आहे.

मग उत्पत्तीचा तो अध्याय सांगतो तरी काय? अनेक अभ्यासकांच्या मते तो आजच्या रूपात आला तो इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बॅबिलोनच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केलं आणि तिथल्या लोकांना कैद करून नेलं. बॅबिलोनमध्ये सूर्य हा शमश नावाचा देव होता, न्यायाचा अधिपती. हम्मुराबीच्या प्रसिद्ध शिलास्तंभावर राजा त्याच्यासमोर उभा आहे. चंद्रही देव, तारेही भविष्य ठरवणारे. आणि हे आकर्षण फक्त परक्यांचं नव्हतं. यरुशलेमच्या मंदिरातच सूर्याला अर्पण केलेले घोडे आणि रथ होते, ते योशिया राजाने हटवले असं बायबलच नोंदवतं. यहेज्केल संदेष्ट्याने मंदिराच्या अंगणात पूर्वेकडे तोंड करून सूर्याला नमन करणारे लोक पाहिले, तेही त्यात आहे.

अशा लोकांसमोर हा अध्याय वाचा. सूर्य चौथ्या दिवसापर्यंत येतच नाही. आला तरी त्याचं नाव घेतलं जात नाही, मोठी ज्योती एवढाच उल्लेख. त्याला काम नेमून दिलेलं आहे : दिवस, ऋतू आणि वर्षं दाखवायची. तारे तर एका ओळीत उरकले आहेत. ज्याला विजेते देव म्हणतात तो सूर्य नोकरीला ठेवलेला आहे, आणि त्याच्यावाचूनही उजेड होता, हिरवळ होती. हरलेल्या, हाकलून दिलेल्या लोकांनी हे म्हणणं हे मोठं धैर्य आहे. कारागिरांना बेसिल यांनी दिलेलं उत्तर विज्ञान म्हणून चुकलं, पण मजकुराचा रोख त्यांनी अचूक ओळखला होता.

सहा दिवसांची रचनाही हेच दाखवते. पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात आणि पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमाने त्यांचे रहिवासी येतात. प्रकाशाच्या दिवसासमोर ज्योतींचा दिवस, पाणी आणि अंतराळ यांच्यासमोर मासे आणि पक्षी, जमिनीसमोर जनावरं आणि माणूस. ही मांडणी घड्याळाने ठरलेली नाही, कवीच्या आणि पुरोहिताच्या हाताने ठरली आहे.

आणि उजेड सूर्यापासून वेगळा मानणं त्या काळी अडाणीपणाचं नव्हतं. पहाटे झुंजूमुंजू होतं तेव्हा सूर्य कुठे दिसतो? ढगाळ दिवशीही उजेड असतोच. डोळ्यांचा पुरावा असाच होता. सूर्य क्षितिजाखाली अठरा अंशांवर असल्यापासूनच त्याचा प्रकाश वरच्या हवेत पोचतो आणि तिथले रेणू तो सगळीकडे विखुरतात; निळा जास्त आणि तांबडा कमी विखुरतो, हे लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये गणिताने दाखवलं.

मराठीला ही कथा नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तून ती १६१६ मध्ये, गोव्यातल्या राशोल इथे छापलेल्या ओव्यांमधून आपल्या भाषेत आली. त्याच वर्षी रोममध्ये पृथ्वी फिरते हा विचार धर्मग्रंथाविरुद्ध ठरवला गेला. पंडिता रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं वेचली, ती सामान्य बायकांनाही मजकूर स्वतः वाचता यावा म्हणून. तो मार्ग आजही खुला आहे. उत्पत्तीचा पहिला अध्याय ३१ वचनांचा आहे, अर्ध्या तासाहून कमी वेळात वाचून होतो. संडे स्कूलमध्ये शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे की एखाद्या मुलीने विचारलं, सूर्य चौथ्या दिवशी तर पहिल्या दिवशी उजेड कुठून आला, तर तिला महास्फोटाचं तयार उत्तर देऊ नका आणि गप्पही करू नका. तिला शमशबद्दल सांगा, सिसिलिया पेनबद्दल सांगा, आणि लमेत्र यांनी तो परिच्छेद का खोडला असेल, हे तिलाच विचारा.